कॉइलमधली हवा

"अम्मी, अब्बा एसीतली हवा कशी काढायचे?" यम्नाने विचारलं तेव्हा सुरैय्याचे दोन्ही हात हळद-तिखटाने माखलेले होते, सुरमईचे तुकडे ताटात पडले होते आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला होता. शुक्रवारचा फोन होता. जुम्म्याची नमाज आटोपली, खाली शारजाच्या रस्त्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या हलल्या, की ग्लासगोहून हा फोन यायचा आणि मायलेकी एकमेकींना तेच ते विचारायच्या. जेवलीस का, ड्यूटी कशी चाललीय, गुडघा काय म्हणतो, उझैर येऊन गेला का. सगळं तोंडदेखलं. बँकेतल्या बाईशीसुद्धा माणूस याहून मोकळं बोलतं. आणि या सगळ्यात एक शब्द तेवढा कधी यायचा नाही. ईदनंतर नूरुद्दीन गेले, आता डिसेंबर आला, पण एवढ्या दिवसांत लेकीच्या तोंडून 'अब्बा' हा शब्द सुरैय्याने ऐकला नव्हता. 'तेव्हा' म्हणायची, 'त्या टायमाला' म्हणायची, फार झालं तर 'आफ्टर ऑल दॅट' म्हणायची. आणि आज पोरीने तो शब्द असा सहज उच्चारला, की जसे काही ते आतल्या खोलीत घोरत पडलेत आणि त्यांची झोप मोडायला नको म्हणून आईलाच विचारून घेतेय.  माखलेल्या हातांनी सुरैय्याने ओट्याची कड धरली, आणि मग ओटा माखला म्हणून स्वतःवरच चिडली.

"कसली हवा?" तिने विचारलं. कळलं नव्हतं असं नाही. पण विचारल्याने तो शब्द आणखी एकदा ऐकायला मिळाला तर बरंच.

"अगं ती नाही का, कॉइलमधली. स्टुलावर चढून काढायचे बघ अब्बा." यम्नाने फोन फिरवला. भिंतीला लागून पांढरा रंग दिलेला, फासळ्या-फासळ्यांचा एक लोखंडी सांगाडा उभा होता. "हा रेडिएटर. याच्यात गरम पाणी फिरतं. खाली हॉट आहे, वर एकदम कोल्ड. आणि गुळगुळ गुळगुळ करतो नुसता. लँडलॉर्डला किती मेसेज केले, ही इज नॉट ईव्हन रिप्लाइंग. हॉस्पिटलमधली एकजण म्हणाली, आत एअर अडकलीय, ब्लीड कर, म्हणजे काढून टाक. मला वाटलं, हे तर सेम आपल्या घरच्यासारखं आहे."

फोन परत फिरला आणि यम्नाचा चेहरा आला. घरात बसून पोरीने डोक्यावर लोकरीची टोपी घातली होती, नाकाचा शेंडा लाल झाला होता. मेल्याचा भाडं घ्यायला बरा हात पुढे येतो, सुरैय्या मनात म्हणाली. पण तिचं खरं लक्ष घरमालकाकडे नव्हतंच. तिला भलताच विचार सुचला होता, आणि तो सुचला म्हणून तिला भीतीही वाटली होती. एवढी शिकलेली ही पोर, औषधांची जीभ अडखळावी अशी नावं पाठ असलेली. फोनवर एक बोट दाबलं असतं तर जगातला कुठलाही मेकॅनिक तिच्यासमोर येऊन उभा राहिला असता, त्याने हवा काढून दाखवली असती. ते सोडून तिने आईला विचारलं. का विचारलं? सहज विचारलं असेल. पण सहज तरी का?

नूरुद्दीन दुबई मरीनाच्या उंच टॉवरांमध्ये चिलरवर होते, म्हणजे तळघरात उभी असलेली राक्षसासारखी यंत्रं सांभाळायची, ज्यांतून बर्फासारखं पाणी निघून पाइपांतून वर घराघरांत जातं आणि तिथल्या लोकांना गार करून परत खाली येतं. शारजाहून उजाडायच्या आत निघायचे आणि संध्याकाळी त्या रस्त्यावरचा जाम अंगात मुरवून घरी यायचे. ही त्यांची स्वतःची इमारतही जुनीच, गच्चीवर तसलाच एक म्हातारा चिलर. दर वर्षी उन्हाळा तोंडावर आला की हॉलच्या छतातला एसी गुळगुळायला लागायचा, वारा यायचा पण गारवा नाही. वॉचमनला सांगितलं की तो म्हणायचा, इन्शाल्ला. "याचं इन्शाल्ला म्हणजे पुढचा रमजान," असं म्हणत नूरुद्दीन शुक्रवारी लुंगी गुडघ्याच्या वर खोचून स्टुलावर चढायचे. "अगो सुरैय्या, टोप आण गो. आणि स्टूल धर, माझा विमा काढलेला नाही." छताची झाकणी उघडली की आत काळोख, काळ्या फोमात गुंडाळलेले पाइप, आणि टोकाला करंगळीएवढा एक व्हॉल्व्ह. पेचकसाने जरासा फिरवला की फिस्स करून हवा सुटायची, तिला गंजाचा वास यायचा. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची, काही दिसायचं नाही, म्हणून ते डोळे मिटून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवायचे. "हवा बोटाला फुंकर घालते, पाणी बोटाला चावतं," म्हणायचे. "चावलं की खलास. बंद करायचं."

आणि मग खाली उतरायचं ते गार ओलं बोट तसंच पुढे धरून. थोरला उझैर पळून जायचा. यम्ना मात्र गाल पुढे करून उभी असायची, डोळे घट्ट मिटून, आणि ते बोट गालाला लागलं की आधी किंचाळायची आणि मग म्हणायची, "अगेन." मोठी झाली, कॉलेजात जायला लागली, तरी त्या एका शुक्रवारी कुठूनही येऊन गाल पुढे करायची. सुरैय्याला तेव्हा या दोघांचा थोडा रागच यायचा. टोप धरायचा तिने, छतातून पडलेली काळी घाण पुसायची तिने, आणि लाड या दोघांचे. आता वाटतं, तेव्हाच आपणही जरा गाल पुढे करून बघायला काय हरकत होती.

या उन्हाळ्यातही एसी गुळगुळला. ती इद्दतीत, नवऱ्यामागच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, बसली होती, परक्या पुरुषाला घरात कसं घेणार, हे तिने उझैरला सांगितलं आणि उझैरला ते पटलं. पण इद्दत संपली, सप्टेंबरच्या उन्हाने भिंती तापल्या, उझैर रोज दुबईतल्या करामाहून फोन करून "अम्मी, मी माणूस पाठवतो, यल्ला, एका तासाचं काम आहे" म्हणायचा आणि ती रोज काहीतरी सबब सांगायची. आज नको, पाहुणे आहेत. उद्या नको, बरं वाटत नाही. खरं कारण तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तो आवाज चालू असला की घरात एक काम बाकी आहे असं वाटायचं. आणि ते काम ज्यांचं होतं, ते ते करायला अजून यायचेत असंही वाटायचं. दुसऱ्या माणसाने येऊन झाकणी उघडली, पेचकस फिरवला, की मग तेही संपलं. घामाने ओली होऊन ती सोफ्यावर पडून राहायची आणि छताकडे बघत तो आवाज ऐकायची. कधीकधी तर त्याला उत्तरही द्यायची, "हो हो, टोप आणते," असं. वेड्यांचा बाजार नुसता. उझैरने ते ऐकलं असतं तर सामान बांधून तिला त्या दिवशीच आपल्या घरी नेलं असतं.

"अम्मी? ऐकतेस ना?"

"ऐकते. किल्ली आहे का तुझ्याकडे? फिरवायला काहीतरी लागेल."

"आहे. ड्रॉवरमध्ये मिळाली. धिस टाइनी थिंग." यम्नाने पितळेची चिमुकली किल्ली दाखवली.

सुरैय्याने हात धुतले, साबणाने दोनदा धुतले, पुसले, आणि फोन उचलून हॉलमध्ये आली. सोफ्यावर बसली तर बरोबर त्या झाकणीच्या खाली. तिला एकदम तरतरी आली होती. लग्नात हक्काने बोलावलेल्या मावशीसारखी ती सूचना देऊ लागली. खाली फडकं पसर. टोप घे, टोप नसेल तर काहीही घे, चहाचा मग चालेल. वरच्या कोपऱ्यात बघ, टोकाला, छोटं चौकोनी असेल. तिथे किल्ली लाव. यम्ना प्रत्येक गोष्टीला "ओके" म्हणत होती, आणि ते ओके शुक्रवारचं ओके नव्हतं. ते ऐकत असलेल्या माणसाचं ओके होतं. फोन तिने कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यात तिचा अर्धा खांदा, टोपीचा गोंडा आणि रेडिएटरचा कोपरा एवढंच दिसत होतं. आईला तेवढं पुरत होतं. या खांद्याने सहा-सात महिन्यांपूर्वी तिचा हात झटकला होता. दफनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाने यम्ना आली होती, एअरपोर्टवरून थेट, पाठीवर एक सॅक, आणि दारातून आत पाऊल टाकायच्या आधी तिने विचारलं होतं, "कुठे आहेत?" घरात बायका कुराण पढत बसल्या होत्या.  बेडरूममधल्या पलंगावरची चादरसुद्धा कोणीतरी बदलून टाकली होती. यम्नाने ती नवी चादर बघितली आणि मग आईकडे वळून, लहानपणापासून प्रत्येक वाक्यात इंग्रजी पेरणारी ती पोर स्वच्छ मराठीत म्हणाली, "तू थांबली नाहीस." बस. सुरैय्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला. पुढे जे काही दिवस राहिली, त्यांत ती उझैरशी बोलली, शेजारणीशी बोलली, आईला फक्त चहा विचारला.

"फिरव आता. हळू, अगदी थोडं."

फिस्स असा आवाज आला. तोच. हजारो मैलांवरून, फोनच्या त्या टिचभर भोकातून तोच आवाज सुरैय्याच्या हॉलमध्ये आला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. यम्ना हसली. हसली म्हणजे खरंच हसली, नाकातून, बापासारखी. "ओ माय गॉड, अम्मी. सेम टू सेम. वासपण तोच आहे."

"हो ना?" सुरैय्या म्हणाली. आपण काय बोलतोय याचं तिला आता भान नव्हतं. मनाने ती स्टूल धरून उभी होती, वर लुंगी खोचलेली, पायाच्या पोटऱ्या दिसत होत्या. "आता बोट ठेव बघू. तोंडावर बोट ठेवायचं. हवा आहे तोवर फुंकर लागेल, पाणी आलं की—"

यम्ना किंचाळली.

फोन उलटापालटा होऊन पडला. पडद्यावर पांढरं छत आलं, त्यावर ओलीचा एक डाग, आणि कुठूनतरी पाण्याचा सूं-सूं आवाज, मग धातूचा खडखडाट, मग धावत गेलेली पावलं, आणि लांबवर नळ सुटल्याचा आवाज. सुरैय्याला समजायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती नुसतीच बसून होती, आणि समजलं तेव्हा ती फोनवर वाकली. गरम. तिकडे गरम पाणी असतं. पोरीने दोनदा सांगितलं होतं, हॉट म्हणाली होती, गरम पाणी म्हणाली होती, आणि आपण तिला बोट ठेव म्हणालो. सगळा जन्म गार पाण्याशी काढलेल्या माणसाची बायको ती. त्या घरात पाइपातून येणारं पाणी गार नसून दुसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. "यम्ना," तिने हाक मारली, "यम्ना, बेटा, थंड पाण्याखाली धर, काढू नकोस, धरून ठेव." छताने उत्तर दिलं नाही. ती उठली आणि परत बसली. कुठे जाणार होती ती उठून? लिफ्टने खाली जाऊन रस्त्यावर उभी राहिली असती, तर टॅक्सीवाल्याला काय पत्ता सांगितला असता? पोर पुढच्या खोलीत भाजली असती तर ती अशी एका ढांगेत पोचली असती. आता या एवढ्या पडद्यात दुसऱ्याच कुणाच्या घराचं छत बघत बसायचं. कधी नव्हे ते पोरीने काही मागितलं आणि आपण तिला पोळवलं. आता संपलं, तिला वाटलं. आता शुक्रवारचा फोनही यायचा नाही.

नळ बराच वेळ वाहत होता. मग बंद झाला. मग पावलं, मग छत हललं आणि यम्नाचा चेहरा आला. टोपी कुठेतरी पडली होती. एक हात तिने पाण्याने भरलेल्या वाडग्यात बुडवला होता आणि ती जमिनीवरच, रेडिएटरला पाठ लावून बसली होती.

"बघू," सुरैय्या म्हणाली. "दाखव मला."

यम्नाने बोट वर काढलं. लाल झालं होतं, टोकाला फोड धरू पाहत होता. "इट्स फाइन. बंद केलं मी. इट्स ओन्ली अ—" आणि पुढचा शब्द तिला म्हणता आला नाही. तिचा चेहरा आधी ओठांपासून मोडला, मग सगळाच मोडला, आणि ती रडायला लागली. बोट भाजलं म्हणून कोणी एवढं रडत नाही. सुरैय्या ते बघत राहिली. दफनानंतर आली तेव्हा ही पोर रडली नव्हती. बायका आपसात बोलल्याही होत्या, बाहेर शिकायला गेलेल्या मुली अशाच होतात म्हणून. आता ती तोंड उघडं टाकून, शाळकरी पोरीसारखी हुंदके देत रडत होती, नाक वाहत होतं आणि तिला पुसायचंही भान नव्हतं. सुरैय्याला रडू आलं नाही. तिला फक्त वाटलं की हे असंच चालू राहू दे, आपण ऐकत राहू, कोणी मध्ये येऊ नये.

"मला हात लावायचा होता," यम्ना म्हणाली. "एकदा. बस. मी येणारच होते ना सकाळी. अब्बांना एकदा हात लावायचा होता मला."

"हो बेटा."

"भाई म्हणाला, इमामसाहेबसुद्धा म्हणाले होते सकाळपर्यंत चालेल. हॉस्पिटलवाले म्हणाले चालेल. तूच नको म्हणालीस." तिने बाहीने नाक पुसलं. "शरियत सांगू नको मला, अम्मी. प्लीज. ते तू तेव्हाच सांगितलंस. का नाही थांबलीस?"

हा प्रश्न येणार हे सुरैय्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांना तिने तेच सांगितलं होतं, मय्यत घरात ठेवू नये, उशीर करू नये. ते चुकीचंही नव्हतं. ऐकणारे मान हलवायचे आणि पुढे कोणी विचारायचं नाही. खरं कारण एवढंसं होतं की ते मोठ्या माणसांत बोलायची तिला लाज वाटली होती. हॉस्पिटलच्या त्या खोलीत ती त्यांच्याजवळ बसली होती. डॉक्टर येऊन गेला होता, उझैर बाहेर कागदांच्या मागे धावत होता. तिने त्यांच्या मानेखाली हात घातला होता, जिथे ते झोपेत घामेजायचे तिथे, आणि मान अजून गरम होती. तेवढ्यात एक माणूस ट्रॉली घेऊन आला. भला माणूस होता, केरळचा असावा, हळू आवाजात म्हणाला, "माताजी, अभी इनको ठंडे में रखना पड़ेगा." तिने विचारलं, कब तक. तो म्हणाला, जब तक आप लोग बोलो. आणि दाराच्या फटीतून पलीकडच्या कॉरिडॉरमधली हवा आत आली, ती तिने ओळखली. हाच वारा नूरुद्दीन रोज कपड्यांत घेऊन घरी यायचे. अंगातली हाडं गार पडलेली असायची. शारजाच्या जुलैत, बाहेर डांबर वितळत असताना, हा माणूस घरात आला की आधी एसी बंद करायचा, पायांत मोजे घालायचा आणि दोन्ही हात तिच्या कुशीत खुपसून म्हणायचा, "थांब गो, जरा माणसात येऊ दे." लोकांना गार करून करून त्यांच्या स्वतःच्या अंगात ऊब अशी राहिलीच नव्हती. रात्री गोधडी घेऊन झोपायचे. पोरं हसायची. आणि आता त्यांना परत तिथेच न्यायचं, लोखंडाच्या कप्प्यात, एकट्याला, सगळी रात्र. उझैर आत येऊन म्हणाला, "अम्मी, यम्नाचं फ्लाइट सकाळी लँड होतंय, थांबायचं ना?" आणि तिचा हात अजून त्या मानेखाली होता.

"त्यांना थंडी सोसत नव्हती गं," सुरैय्या म्हणाली.

यम्नाने वर बघितलं.

"तुला माहीत आहे ना, कसे यायचे ते घरी. हातपाय गारढोण. तिथे रात्रभर ठेवायचं म्हणाले, बर्फात. कागदं होईपर्यंत ठेवलं तेवढंही मला सहन झालं नाही, बाहेर बाकावर बसून माझेच दात वाजत होते. म्हटलं, नको. आजच न्या. माती तरी गरम असेल. मे महिना होता, बेटा. शारजाची माती." तिचा आवाज नीट होता, त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं. "तुझा विचार आला नाही असं नाही. आला. पण माझा हात त्यांच्या मानेखाली होता आणि ते अजून गरम होते. मला वाटलं, आता ते परत गार होऊ नयेत. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. हे काय कोणाला सांगण्यासारखं कारण आहे?"

 सुरैय्याने उत्तराची वाट बघितली नाही, कारण काय उत्तर आलं असतं? बरोबर केलंस असं ती पोर म्हणू शकत नव्हती, आणि म्हणावं असं सुरैय्यालाही वाटत नव्हतं. एक रात्र होती. ती बापाला द्यायची की लेकीला, एवढाच प्रश्न होता, आणि तिने ती बापाला दिली होती. आज परत तीच वेळ आली तरी तिने तसंच केलं असतं, आणि लेकीसाठी परत असंच झुरली असती. छतात एसी बंद होता, डिसेंबर होता, खिडकी उघडी होती. खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"कसं होतं," यम्नाने विचारलं, "मानेच्या खाली? घाम होता?"

"थोडा होता."

"ओके," यम्ना म्हणाली. बोट पाण्यात फिरवत राहिली. मग हात मागे नेऊन तिने रेडिएटरच्या वरच्या कडेला तळवा टेकवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. 

"बेडरूममधला पण असाच आहे," ती म्हणाली. "तोही करावा लागेल."

"आज राहू दे. भाई तिथला कोणी माणूस शोधेल ऑनलाइन."

"नको. मीच करते." ती भिंतीला धरून उठली. "पण आधी बॉयलर बंद करते. पाणी गार व्हायला टाइम लागेल. एक तास, जास्तपण लागेल." फोन हातात घेतला, त्यामुळे चेहरा एकदम जवळ आला, सुजलेले डोळे, गालावर मीठ वाळलेलं. "कट नको करू. थांबशील ना, अम्मी?"

स्वयंपाकघरात सुरमई तशीच उघडी पडली होती, असरची अजान व्हायची होती, उझैर संध्याकाळी येतो म्हणाला होता.

"थांबते," सुरैय्या म्हणाली.

यम्ना फोन जमिनीवर ठेवून आत गेली. पडद्यावर परत ते पांढरं छत आलं, आणि सुरैय्या त्याच्यासमोर बसून राहिली.